साठ नकोत, एकसष्ट गुलाब न्या

प्रश्न: मी एका आंतरराष्ट्रीय कंपनीत काम करते. आमच्या गटात निरनिराळ्या देशांची माणसं आहेत. मागच्या महिन्यात एका फ्रेंच सहकारी बाईंनी घरी जेवायला बोलावलं. मी मोठ्या हौसेनं पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीचा भरगच्च गुच्छ नेला. दार उघडल्यावर त्या क्षणभर गप्प झाल्या, मग हसून ‘किती सुंदर’ म्हणाल्या. पण जेवताना गुच्छ कुठंच दिसला नाही. नंतर दुसऱ्या एका सहकाऱ्यानं सांगितलं की त्यांच्याकडे ही फुलं कबरीवर ठेवतात. तेव्हापासून त्यांच्याशी बोलताना मला अवघडल्यासारखं होतं. आता आणखी दोन प्रसंग समोर आहेत. आमचे जपानी साहेब शस्त्रक्रिया होऊन रुग्णालयात आहेत आणि गटातर्फे फुलं नेण्याचं काम माझ्याकडे आलंय. शिवाय युक्रेनच्या एका मैत्रिणीच्या आईचा साठावा वाढदिवस आहे. त्यांना साठ लाल गुलाब द्यावेत असं मनात आहे. फुलांच्या अर्थांच्या याद्या वाचल्या, तर प्रत्येक यादी वेगळंच सांगते. वाटतं, फुलं देणंच सोडून द्यावं. काय करू?

उत्तर: फुलं देणं सोडू नका. तुम्ही हौसेनं फुलं निवडलीत आणि बाई क्षणभर गप्प झाल्या हेही तुमच्या नजरेतून सुटलं नाही. एवढं लक्ष असलेल्या माणसाला हे सगळं सहज जमतं. आधी फ्रेंच बाईंचं पाहू, कारण तो सल मनातून गेल्याशिवाय बाकीच्या दोन गुच्छांकडे तुम्हाला मोकळेपणानं बघता येणार नाही.

फ्रान्समध्ये १ नोव्हेंबरला सर्व संतांचा दिवस पाळतात. त्या सुमारास घरची माणसं दफनभूमीत जाऊन आपल्या गेलेल्या माणसांच्या कबरी साफसूफ करतात आणि तिथं शेवंतीच्या कुंड्या ठेवतात. ऑक्टोबर संपत आला की दुकानांबाहेर या कुंड्यांच्या रांगा लागतात आणि त्या कुठं जाणार हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पहिल्या महायुद्धात घरोघरी माणसं गेली, त्यानंतर ही प्रथा तिथं आणखी घट्ट झाली. बेल्जियम, इटली, पोलंड इथंही शेवंतीचं नातं दफनभूमीशीच आहे. तुमचा गुच्छ पाहून बाई का थबकल्या, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल.

पण हीच शेवंती ऑस्ट्रेलियात मुलं आईला देतात, मातृदिनाला. कारण ऐकलंत तर तुमची याद्यांची भीती निम्मी कमी होईल. शेवंती ही दिवस लहान आणि रात्र मोठी व्हायला लागली की कळ्या धरणारी वनस्पती आहे. युरोपात ते दिवस शरद ऋतूत येतात. बाकीच्या बागा तोवर ओस पडलेल्या असतात, शेवंती मात्र ऐन बहरात असते आणि थोडीफार थंडीही सोसते. १ नोव्हेंबरला कबरीवर ठेवायला तिच्याइतकं हाताशी असलेलं फूल दुसरं नाही. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात. ऑस्ट्रेलियात दिवस लहान होतात ते एप्रिल-मेमध्ये आणि तिथला मातृदिन मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी असतो. म्हणून तिथं ती आईच्या हातात गेली. झाड तेच, त्याचा स्वभावही तोच. फक्त ते फुललं त्या आठवड्यात त्या समाजात कोणता दिवस होता, यावरून त्याचा अर्थ ठरला.

जपानचं तर आणखीच विशेष. तिथल्या सम्राटाच्या घराण्याची मुद्रा सोळा पाकळ्यांच्या शेवंतीची आहे आणि जपानी पासपोर्टच्या वेष्टनावरही शेवंतीच असते. ९ सप्टेंबरला तिथं शेवंतीचा पारंपरिक सण आहे. आणि त्याच देशात अंत्यविधीच्या सजावटीत पांढरी शेवंती हमखास असते. म्हणजे एका देशात एका फुलाचा एकच अर्थ असतो, हेही खरं नाही. रंग, प्रसंग आणि ते फूल कुठं मांडलंय, हे मिळून अर्थ तयार होतो.

बाईंशी बोला, पण माफीचा मोठा प्रसंग करू नका. तसं केलंत तर तुमचीच समजूत काढण्याची वेळ त्यांच्यावर येईल. चहाच्या वेळी सहज म्हणा, ‘त्या दिवशी मी शेवंती आणली, तुमच्याकडे ती कशासाठी असते हे मला नंतर कळलं. तुमच्याकडे जेवायला जाताना कोणती फुलं नेतात?’ प्रश्न विचारलात की बोलण्याची सूत्रं त्यांच्याकडे जातात आणि बहुतेक माणसांना आपल्या घरच्या चालीरीती सांगायला आवडतं. कदाचित त्या १ मेची गोष्ट सांगतील. त्या दिवशी फ्रान्समध्ये लोक एकमेकांना लिली ऑफ द व्हॅलीची इवल्या पांढऱ्या घंटांसारखी फुलं शुभेच्छा म्हणून देतात, आणि एरवी फुलांचा धंदा न करणारी माणसंसुद्धा रस्त्याच्या कडेला उभी राहून ती विकतात. ही तारीख लक्षात ठेवा. त्या दिवशी त्यांच्या टेबलावर एक छोटी जुडी ठेवलीत, तर शेवंतीचा विषय पुन्हा काढावा लागणार नाही.

आता त्या याद्यांबद्दल. ‘पिवळा गुलाब म्हणजे मत्सर, जांभळं हायसिंथ म्हणजे क्षमायाचना’ अशा ज्या याद्या फिरतात, त्यांचं मूळ बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात सापडतं. १८१९ साली पॅरिसमध्ये फुलांची भाषा शिकवणारं एक पुस्तक निघालं आणि ते तुफान चाललं. मग इंग्लंड-अमेरिकेत तशा पुस्तकांचं पेवच फुटलं. लिहिणाऱ्यांनी काही अर्थ पुराणकथांतून घेतले, काही कवितांतून आणि काही सरळ मनानं रचले. म्हणून दोन पुस्तकांत एकाच फुलाचे दोन अर्थ आढळतात. पिवळा गुलाब त्या पुस्तकांत मत्सराचा किंवा ओसरत्या प्रेमाचा होता, आज कितीतरी ठिकाणी तो मैत्रीचा म्हणून देतात. तुम्ही वाचलेल्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत, कारण त्या पहिल्यापासूनच जुळत नव्हत्या. माझा स्पष्ट सल्ला आहे की त्या बाजूला ठेवा. पिवळं फूल पाहून ‘हिला माझा मत्सर वाटतो’ असं मनात आणणारं माणूस तुम्हाला भेटणार नाही.

जपायच्या त्या जिवंत चाली. लोक ज्या फुलांसमोर खरोखर रडलेत किंवा नाचलेत, त्यांचा अर्थ त्यांना कुणी शिकवावा लागत नाही. म्हणून त्या देशाच्या एखाद्या तिसऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारा. तुमच्याकडे अंत्यविधीला कोणती फुलं असतात? आणि आनंदाच्या दिवशी कोणती? पहिल्या उत्तरातली फुलं टाळा, दुसऱ्यातली घ्या. विचारायला कुणीच नसेल, तर दुकानात जाऊन ‘एक पांढरा गुच्छ बांधा’ एवढंच सांगू नका. कोणासाठी, कोणत्या देशाच्या माणसासाठी आणि कशानिमित्त हे तिन्ही सांगा. अनुभवी फुलवाल्याला पुष्कळ माहिती असते, आपणच विचारत नाही.

हे किती खोल जातं हे बघायचं असेल तर कार्नेशन बघा. १९०८ साली अमेरिकेत ॲना जार्व्हिसनं आपल्या आईच्या स्मरणार्थ ग्राफ्टन गावातल्या चर्चमध्ये पाचशे पांढरी कार्नेशन पाठवली, कारण आईला ती आवडायची. त्यातून अमेरिकेतला मातृदिन उभा राहिला, आणि पुढं आई हयात असेल तर लाल किंवा गुलाबी, गेली असेल तर पांढरं कार्नेशन लावायची रीत पडली. दक्षिण कोरियात ८ मेला मुलं आईवडिलांना लाल कार्नेशन देतात. पोर्तुगालमध्ये २५ एप्रिल १९७४ ला हुकूमशाही उलथली तेव्हा लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशन खोवली. ती क्रांती आजही त्या फुलाच्याच नावानं ओळखली जाते. आणि पोलंडमधल्या वयस्कर बाईंना तेच फूल द्याल, तर त्यांना कम्युनिस्ट राजवटीतला महिला दिन आठवण्याची शक्यता आहे. कचेरीत बायकांना रांगेनं एकेक कार्नेशन दिलं जायचं, तो दिवस. इटलीत त्याच ८ मार्चला पिवळा मिमोसा देतात. १९४६ मध्ये तिथल्या महिला संघटनेनं तो निवडला, कारण मार्चच्या सुरुवातीला तो फुललेला असतो आणि कुणालाही परवडतो. हे असलं कुठल्या यादीत एका शब्दात मावणार? त्या माणसाच्या वयाच्या लोकांनी काय पाहिलंय, यावरही बरंच अवलंबून असतं.

कधी कधी दोन्ही बाजूंना सगळं ठाऊक असूनही पेच पडतो. नोव्हेंबर २०१० मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून शिष्टमंडळ घेऊन चीनला गेले होते. ब्रिटनमध्ये ११ नोव्हेंबरच्या सुमारास युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी कोटावर लाल पॉपी लावतात. चिनी अधिकाऱ्यांनी ती काढायची विनंती केली, कारण पॉपी म्हणजे अफू आणि एकोणिसाव्या शतकात ब्रिटननं चीनशी केलेल्या अफूच्या युद्धांची जखम तिथं अजून ओली आहे. ब्रिटिशांनी ती काढली नाही. मला दोन्ही बाजू समजतात. पण तो प्रश्न स्वतःच्या छातीवर लावायच्या फुलाचा होता. दुसऱ्याच्या हातात द्यायचं फूल असेल तेव्हा घेणाऱ्याचा अर्थ मोठा मानावा.

आता तुमचे जपानी साहेब. इथं खरोखर सांभाळायला हवं, कारण आजारपणात माणूस हळवा असतो आणि जपानमध्ये आजाऱ्याला भेटायला जाण्याचे संकेत बरेच पक्के आहेत. मुळात रुग्णालयात फोन करून फुलं चालतात का ते विचारा. अतिदक्षता विभागात ती सहसा नेऊच देत नाहीत आणि पुष्कळ रुग्णालयं संसर्गाच्या भीतीनं साध्या खोलीतही नको म्हणतात. चालत असतील तर कुंडीतलं रोप नेऊ नका. मुळं धरलेलं रोप म्हणजे आजारपणानं मूळ धरलं, असा त्याचा अर्थ लागतो. हा संकेत तिथं फार पाळतात. आपल्याला कुंडी जास्त टिकाऊ म्हणून बरी वाटते आणि नेमकी चूक तिथंच होते. कॅमेलियाही नको. तिच्या पाकळ्या एकेक करून गळत नाहीत, अख्खं फूल देठापासून तुटून पडतं आणि ते पाहणाऱ्याला मान तुटल्यासारखं वाटतं. सायक्लेमन हे फूलही नको, त्याच्या जपानी नावात ‘शि’ म्हणजे मृत्यू आणि ‘कु’ म्हणजे यातना हे उच्चार ऐकू येतात. चार आणि नऊ या आकड्यांचे उच्चारही तसेच आहेत, म्हणून तेही टाळतात. पांढरी शेवंती का नको, हे आता सांगायला नकोच. भडक लाल रंग रक्ताची आठवण करून देतो, म्हणून तोही गुच्छात भरू नका. उग्र वासाची लिली आजाऱ्याच्या खोलीत कुठल्याच देशात नेऊ नये, असं माझं मत आहे.

मग उरलं काय? पुष्कळ उरलं. फिकट नारिंगी, गुलाबी, कोवळी पिवळी, मंद वासाची किंवा बिनवासाची फुलं घ्या. जरबेरा, अल्स्ट्रोमेरिया, लिसिअँथस यांतलं काहीही चालेल. पाच किंवा सात देठ पुरेत. गुच्छ असा बांधून घ्या की तो भांड्यासकट देता येईल. रुग्णालयात फुलदाणी शोधत हिंडायची पाळी परिचारिकांवर आणू नका. देताना दोन्ही हातांनी द्या, थोडं वाकून. कार्डावर सगळ्या गटाची नावं लिहा, म्हणजे ती एकट्या तुमची भेट वाटणार नाही. रुग्णालयानं नाही म्हटलं, तर ते घरी गेल्यावर पाठवा. मला तर तेच जास्त बरं वाटतं. बरं झाल्याचा आनंद त्या फुलांना आपोआप मिळतो.

साठ गुलाबांचा बेत मात्र आजच बदला. युक्रेन, रशिया आणि त्या भागातल्या बऱ्याच देशांत सम संख्येतली फुलं मृतांसाठी असतात. कबरीवर दोन, चार, सहा. जिवंत माणसाला एक, तीन, पाच, सात. तिथं हा नियम दुकानातली पोरगीसुद्धा पाळते. तुम्ही दहा फुलं मागितलीत तर ती आधी विचारेल, कशासाठी? मोठ्या गुच्छातली फुलं कुणी मोजत बसत नाही हे खरं, पण तुम्ही ‘साठ वर्षांची साठ फुलं’ असं कौतुकानं सांगणार, म्हणजे ती मोजली जाणारच. एकसष्ट न्या. तिकडे शंभरऐवजी एकशे एक गुलाबांचा गुच्छ देतात, त्यामुळे एकसष्टचं कुणाला नवल वाटणार नाही. आणि वरचं एक फूल पुढच्या वर्षासाठी, असं तुम्ही त्यांना सांगू शकता. मोजताना देठ मोजायचे, पानं आणि भरणीची बारीक फुलं धरायची नाहीत. दुकानात डझनाच्या हिशोबानं बांधायची सवय असते, म्हणून गुच्छ हातात आल्यावर एकदा स्वतः मोजा. एखादं फूल वाटेत मोडलं तर साठ उरतील, तेव्हा एक आणखी काढून एकोणसाठ करा.

रंगाचं काय? लाल गुलाब बऱ्याच जगात प्रियकर-प्रेयसीचे समजले जातात. जर्मनीत यजमानीणबाईंना लाल गुलाब नेले तर घरातले भुवया उंचावतील. साठीच्या आईला मुलीच्या मैत्रिणीकडून लाल गुलाब गेले तर युक्रेनमध्ये कुणी गैर मानणार नाही, तरी मी तुमच्या जागी असते तर गुलाबी आणि मोतिया रंगाचे मिसळले असते. निव्वळ पिवळे गुलाब नकोत. त्या भागातल्या जुन्या पिढीत पिवळ्याचा संबंध ताटातुटीशी लावणारे लोक आहेत. सूर्यफुलांचं मात्र तसं नाही. ते युक्रेनचं लाडकं फूल आहे, तेव्हा चारदोन सूर्यफुलं गुच्छात घालायची असतील तर खुशाल घाला, फक्त सगळ्यांची बेरीज विषम ठेवा. आणखी एक, वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देऊ नका. आधी दिलेल्या शुभेच्छा तिथं अशुभ मानतात. फुलं त्याच दिवशी पोचवा, नाहीतर एक दिवस उशिरा.

संख्येचं वेड इतरत्रही आहे, पण तिथले आकडे वेगळे. चिनी माणसाला चार नकोत, कारण त्या आकड्याचा उच्चार मृत्यूच्या शब्दाजवळ जातो. पण नव्व्याण्णव गुलाब म्हणजे कायमची साथ. युक्रेनसारखा सम-विषमचा नियम तिथं नाही. म्हणून युक्रेनचा नियम उचलून सगळ्या परदेशी लोकांना लावू नका.

हवाई बेटांवरच्या कुणी तुमच्या गळ्यात फुलांची माळ घातली, तर ती त्यांच्यासमोर काढू नका आणि नंतरही कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. दोरा सोडून फुलं मातीत परत द्यायची असतात. आणि सांत्वनाला जाताना घाईनं फुलं मागवण्याआधी विचारून घ्या. ज्यू कुटुंबात दुःखाच्या दिवसांत फुलं पाठवायची पद्धत नाही. कबरीवरही ते लहान दगड ठेवतात. तिथं तयार जेवण किंवा गेलेल्या माणसाच्या नावानं देणगी हेच योग्य.

एवढं सगळं वाचून पुन्हा धास्तावू नका. तुमच्या दोन प्रसंगांना यातलं फार थोडं लागतं आणि ते वर आलेलं आहे. वाढदिवसाच्या गुच्छाचं एकच काम राहिलं. फुलवाला भरदारपणासाठी त्यात लिली घालू म्हणेल. हो म्हणण्याआधी मैत्रिणीला विचारा, आईच्या घरी मांजर आहे का? लिलीची पानं, पाकळ्या, पराग, इतकंच काय फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. अंगावर पडलेले पराग चाटले तरी ते पुरतं. मांजर असेल तर लिली नकोच. नसेल तर उमललेल्या प्रत्येक फुलातले पुंकेसर चिमटीनं खुडून टाकायला सांगा, ते फुटून पूड सुटायच्या आत. नाहीतर गळाभेट घेताना तो गडद केशरी डाग आईंच्या नव्या कपड्यांवर पडतो. पडलाच तर पाणी लावू नका आणि चोळू नका. चिकटपट्टी हलकेच टेकवून ती पूड उचलून घ्या.